दुर्बिणीतून अपेंडिक्स : तुलना कशाशी, खर्च कोणाचा?

'दुर्बिणीतून करून घ्या, मोठा छेद नाही, लवकर घरी जाल.' अपेंडिक्सच्या दुखण्याने कोणी रुग्णालयात दाखल झाले, की नातेवाइकांच्या कानावर हे वाक्य हमखास पडते. पाठोपाठ दुसरे येते : 'खर्च मात्र थोडा जास्त होईल.' रात्रीची वेळ असते, रुग्ण कण्हत असतो आणि सही कोठे करायची एवढेच विचारायचे त्राण उरलेले असते. ही दोन वाक्ये एकत्र केली तर त्यांतून एक दावा तयार होतो. जास्त पैशांच्या बदल्यात जास्त चांगला परिणाम मिळतो, असा हा दावा आहे, आणि तो तपासता येण्याजोगा आहे.

तो तपासलाही गेला आहे. गेल्या तीन-साडेतीन दशकांत या एका शस्त्रक्रियेवर जगभर इतक्या चाचण्या झाल्या, की इतके भाग्य फार थोड्या शस्त्रक्रियांच्या वाट्याला आले असेल. आम्ही शल्यविशारद नाही. प्रयोग आखणे आणि आकड्यांचा अर्थ लावणे हा आमचा व्यवसाय. म्हणून या चाचण्यांकडे आम्ही प्रयोग म्हणूनच पाहणार आहोत : कोणाची तुलना कोणाशी केली, मोजमाप कोणी केले, आणि जे मोजले ते खरोखर शस्त्रक्रियेचेच फळ होते का? नववी-दहावीच्या वर्गात 'नियंत्रित प्रयोग' शिकवताना आपण बहुधा कुंडीतल्या रोपांचे उदाहरण घेतो. येथे रोपाच्या जागी माणूस आहे, आणि माणूस स्वतःबद्दल मते बाळगतो. सगळी गुंतागुंत तेथून सुरू होते.

आधी थोडा इतिहास. अपेंडिक्स, म्हणजे पाठ्यपुस्तकातले आंत्रपुच्छ, ही मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या अंधांत्राला लोंबणारी करंगळीएवढी नळी. एक टोक बंद, दुसरे आतड्यात उघडणारे. तिचे तोंड बुजले की आत दाब वाढतो, जंतू माजतात, रक्तपुरवठा खुंटतो आणि वेळीच काही केले नाही तर ती फुटते. अमेरिकेतील १९९० सालच्या एका अभ्यासानुसार आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होण्याची शक्यता पुरुषांत ८.६ टक्के व स्त्रियांत ६.७ टक्के निघाली. ती काढून टाकल्याची पहिली नोंद १७३५ सालची, लंडनच्या क्लॉडियस अमियांड यांची. अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियात अडकलेले, टाचणीने भोक पडलेले आंत्रपुच्छ त्यांनी कापले. तेही अर्थात भुलीवाचून. आजाराला त्याचे नाव आणि नीट वर्णन मिळाले ते १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांच्याकडून. पुढे १८९४ मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटाच्या उजव्या बाजूला खाली घ्यायचा तो तिरपा छोटा छेद सांगितला. स्नायू न कापता त्यांच्या तंतूंच्या दिशेने ते फाकवायचे, ही त्यातली खुबी. तुलनेत ज्याला 'उघडी शस्त्रक्रिया' म्हणतात ती हीच. ती मुळातच लहान छेदाची आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पित्ताशयाच्या जुन्या शस्त्रक्रियेला लागणारा वीतभर छेद आणि हा छेद यांत फार अंतर आहे, आणि दुर्बिणीचे जे फायदे पित्ताशयात डोळ्यांत भरतात ते येथे तितके का भरत नाहीत याचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

दुर्बिणीतून आंत्रपुच्छ प्रथम काढले ते जर्मनीतील कील येथील कुर्ट सेम यांनी, १९८० साली. सेम हे स्त्रीरोगतज्ज्ञ. शल्यविशारदांना हा अतिक्रमणाचा प्रकार वाटला. जर्मन शल्यविशारद संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना व्यवसायातून निलंबित करावे अशी मागणी लेखी केली होती. पुढे त्याच संघटनांच्या परिषदांमध्ये दुर्बिणीची दालने सजू लागली, हे सांगायला नकोच. असो.

चाचण्यांची बेरीज काय सांगते?

सुट्या चाचण्या लहान असतात. म्हणून त्या गोळा करून, दर्जा पाहून, एकत्रित आढावा घेण्याची पद्धत आहे. या कामासाठी नावाजलेल्या कॉक्रेन संस्थेने या विषयाचा आढावा वेळोवेळी घेतला. २०१८ सालच्या आवृत्तीत ८५ चाचण्या व ९,७६५ रुग्ण आहेत. त्यांतल्या ७५ चाचण्या प्रौढांच्या (८,५२० रुग्ण) आणि १० मुलांच्या (१,२४५). प्रौढांतील निष्कर्ष असे : दुर्बिणीने केल्यास पहिल्या दिवशीची वेदना १० सेंटिमीटरच्या पट्टीवर ०.७५ सेंटिमीटरने कमी. रुग्णालयातला मुक्काम जवळजवळ एका दिवसाने कमी. नेहमीच्या कामांकडे परतणे सुमारे ५ दिवस आधी. जखमेत पू होण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर ०.४२, आणि पोटाच्या आत गळू होण्याचे गुणोत्तर १.६५. म्हणजे वरचे पू निम्म्याहून कमी, आतले मात्र दीडपटीहून जास्त. मुलांत हा आतला तोटा दिसला नाही.

हे वाचून 'चार फायदे आणि एक तोटा, तेव्हा दुर्बीण विजयी' असे मत बनते. बऱ्याच माहितीपत्रकांत हीच मोजणी असते. आमचा पहिला आक्षेप या मोजणीला आहे.

वेदनेची गोष्ट घ्या. रुग्णाला एक १० सेंटिमीटरची रेघ दाखवतात. डावे टोक म्हणजे मुळीच वेदना नाही, उजवे म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट. त्याने रेघेवर खूण करायची. आता, स्वतःच्या वेदनेत काही फरक पडला असे रुग्णाला जाणवायला या रेघेवर साधारण एक सेंटिमीटरचे अंतर लागते, असे या मोजपट्टीवर काम करणाऱ्यांनी दाखवले आहे. त्याहून लहान फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरू शकतो. हजारो रुग्ण असले की केसाएवढा फरकही उतरतो. पण तो रुग्णाला कळतच नसेल, तर त्याची किंमत किती धरायची? संख्याशास्त्रातला 'लक्षणीय' हा शब्द आणि बोलण्यातला 'लक्षणीय' हा शब्द हे दोन वेगळे शब्द आहेत. विद्यार्थ्यांना हे एकदा पक्के सांगायला हवे.

जखमेच्या आणि गळवाच्या आकड्यांत दुसरीच गंमत आहे. गुणोत्तर पाहून काहीच कळत नाही. मूळ प्रमाण माहीत हवे. समजा, उघड्या शस्त्रक्रियेनंतर हजारांत ८० जणांच्या जखमेत पू होतो आणि १० जणांच्या पोटात गळू होते. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक रुग्णालयाचे वेगळे असतील. ०.४२ हे गुणोत्तर लावले तर ८० चे सुमारे ३५ होतात, आणि १.६५ लावले तर १० चे सुमारे १६. म्हणजे हजार शस्त्रक्रियांमागे जखमेचे ४५ त्रास वाचले आणि ६ गळवे वाढली. पंचेचाळीस विरुद्ध सहा! पण जखमेतला पू म्हणजे बहुधा एक-दोन टाके सोडणे, काही दिवस रोजची मलमपट्टी. पोटातले गळू म्हणजे पुन्हा दाखल होणे, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन, शिरेतून प्रतिजैविके, सुईने किंवा नळीने पू काढणे, क्वचित दुसरी शस्त्रक्रिया. एका गळवाचा खर्च एका चिघळलेल्या जखमेच्या साडेसातपट असेल तर फिटंफाट होते. त्याहून जास्त असेल तर पैशांच्या हिशेबात दुर्बीण मागे पडते. हा हिशेब आठवीतला विद्यार्थी करू शकतो. तो माहितीपत्रकांत का नसतो, हे विचारण्याजोगे आहे.

या गळवाच्या आकड्याबाबत एक गोष्ट मात्र दुर्बिणीच्या बाजूची. कॉक्रेनच्या २००४ च्या आवृत्तीत हे गुणोत्तर २.४८ होते, २०१० मध्ये १.८७ आणि २०१८ मध्ये १.६५. जुन्या चाचण्या प्रत्येक नव्या बेरजेत राहतातच. तरीही सरासरी खाली येत असेल तर नंतर भर पडलेल्या चाचण्यांतला फरक त्या सरासरीहूनही कमी असला पाहिजे. हात सरावले, पोट धुण्याच्या आणि पू शोषून घेण्याच्या पद्धती बदलल्या, किंवा शिकाऊ हातांच्या चाचण्या मागे पडल्या. कारण काहीही असो, १९९० च्या दशकातला तोटा आजच्या सरावलेल्या शल्यविशारदाच्या माथी तसाच मारता येणार नाही.

पट्टी बांधल्यावर

आता मुक्कामाचा प्रश्न. एक दिवस लवकर घरी जाणे हा फायदा वेदनेसारखा पुसट नाही. दिवस मोजता येतात. पण रुग्ण घरी केव्हा जातो हे कोण ठरवते? डॉक्टर ठरवतात, परिचारिका सुचवतात, रुग्ण स्वतः म्हणतो. आणि या तिघांनाही कोणती शस्त्रक्रिया झाली ते माहीत असते. 'दुर्बिणीचा' रुग्ण दुसऱ्या दिवशी बसून चहा मागतो, कारण त्याला सांगितलेच असते की दुसऱ्या दिवशी बसता येते. 'टाक्यांचा' रुग्ण कूस बदलायलाही भितो. रोपांच्या प्रयोगात कुंडीला आपण खतवाली आहोत हे ठाऊक नसते. येथे ठाऊक असते.

औषधांच्या चाचणीत यावर उपाय सोपा आहे. दिसायला सारखी अशी पोकळ गोळी द्यायची. शस्त्रक्रियेत हे कसे करणार? लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील कतखूदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवले, आणि या सबंध विषयातली आम्हांला सर्वांत आवडलेली चाचणी हीच आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २४७ रुग्ण होते : ११३ दुर्बिणीचे, १३४ उघड्या शस्त्रक्रियेचे. शस्त्रक्रियेनंतर पोटावर अशी पट्टी चिकटवली, की खाली एक छेद आहे की तीन भोके, हे रुग्णालाही कळू नये आणि त्याची तपासणी करणाऱ्यालाही. नुसत्या ड्रेसिंगच्या पट्टीने साधलेला हा नियंत्रित प्रयोग. यंत्र नाही, खर्च नाही.

निकाल काय लागला? मुक्कामात म्हणावा असा फरक नाही. वेदनेत नाही. गुंतागुंतीचे प्रमाण दुर्बिणीत १८.५ टक्के, उघड्यात १७ टक्के; हा फरकही नसल्यात जमा. शस्त्रक्रियेचा वेळ मात्र दुर्बिणीत ८० मिनिटे, उघड्यात ६० मिनिटे. दोन आठवड्यांनी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत शारीरिक प्रकृती आणि सर्वसाधारण आरोग्य या सदरांत दुर्बिणीचे रुग्ण पुढे होते. तेवढाच फायदा उरला.

असाच प्रयोग त्याआधी पित्ताशयाच्या बाबतीत इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला होता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २०० रुग्ण होते आणि दुर्बिणीची तुलना नेहमीच्या मोठ्या छेदाशी न करता मुद्दाम घेतलेल्या लहान छेदाशी केली होती. तेथेही पट्टीखाली मुक्काम सारखाच निघाला.

एक-दोन चाचण्यांनी ८५ चाचण्यांची बेरीज खोटी ठरत नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण बेरजेत एकच कल असलेल्या अनेक चाचण्या मिळवल्या तर तो कल नाहीसा होत नाही, उलट त्याला अचूकतेचा आव येतो. सगळ्यांच्या तराजूचा काटा एकाच बाजूला झुकलेला असेल, तर शंभर वेळा वजन करून सरासरी काढल्याने काटा सरळ होत नाही. म्हणून मुक्कामाच्या 'एका दिवसा'तला किती भाग शस्त्रक्रियेचा आणि किती भाग वॉर्डातल्या रिवाजाचा, हे ती बेरीज आपल्याला सांगू शकत नाही. आणि रिवाजच असेल तर तो बदलायला दुर्बीण लागत नाही. उघड्या शस्त्रक्रियेच्या रुग्णालाही दुसऱ्या दिवशी उठवून चालवता येते.

खर्च म्हणजे कोणाचा?

खर्चाचे आकडे वाचताना आम्ही सर्वांत सावध असतो, कारण या शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. रुग्णालयाला प्रत्यक्ष किती खर्च आला, रुग्णाला किती बिल लावले, आणि समाजाला एकूण किती पडले. पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध असतोच असे नाही. तिसऱ्यात बुडालेली मजुरी येते. कॉक्रेनच्या आढाव्यातही शस्त्रक्रियेचा स्वतःचा खर्च दुर्बिणीत जास्त आणि रुग्णालयाबाहेरचा खर्च कमी, असे चित्र होते.

शस्त्रक्रियेचा खर्च वाढतो कशाने? कॅमेरा, प्रकाशाचा स्रोत, पोटात कार्बन डायऑक्साइड भरणारे यंत्र, पडदा ही एकदाच घ्यायची सामग्री. तिचा प्रत्येक रुग्णामागे येणारा वाटा वापरावर ठरतो. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचे उदाहरण घ्या. तो रोज तीन वर्गांपुढे मांडला तर दर मुलामागे पैशांत खर्च येतो. कपाटात कुलूपबंद राहिला आणि वर्षातून एकदा तपासणीच्या दिवशी बाहेर आला, तर तोच शाळेतला सर्वांत महाग दगड. दिवसाला दहा पित्ताशये करणाऱ्या रुग्णालयात दुर्बीण आधीच पैसे फेडत असते, तेथे अपेंडिक्सच्या वाट्याला फारच थोडे येते. आठवड्याला एक शस्त्रक्रिया होणाऱ्या तालुक्याच्या गावी हिशेब उलटा. त्यात भुलीचा फरक मिळवा. उघडी शस्त्रक्रिया पाठीच्या कण्यातून दिलेल्या भुलीवर होऊ शकते; पोट वायूने फुगवायचे तर बहुधा पूर्ण भूल, म्हणजे श्वासनलिकेत नळी, यंत्र आणि ते सांभाळणारा भूलतज्ज्ञ हवा. तो शेजारच्या शहरातून बोलवावा लागत असेल तर त्याची वाट पाहण्याचीही किंमत आहे.

उलट बाजूला मजुरीचे दिवस. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये भारतातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. हे तंत्र श्रीमंतांपेक्षा गरिबांना अधिक हवे, ही त्यांची भूमिका होती : हातावर पोट असलेल्याला लवकर कामावर जाता येणे हाच खरा नफा. विचार बिनतोड आहे. पण आकडे घालून पाहावा. समजा मजुरी दिवसाला ५०० रुपये आणि कामावर परतणे ५ दिवस आधी. वाचले २,५०० रुपये. सरकारी रुग्णालयात दुर्बिणीसाठी वेगळे पैसे पडत नसतील तर हा निव्वळ फायदा. खासगी रुग्णालयात बिल १०,००० रुपयांनी वाढत असेल तर ७,५०० रुपयांचा तोटा. आणि भरपगारी रजा असलेल्या आपल्यासारख्या शिक्षक-संशोधकांना या ५ दिवसांचे रुपयांतले मोल शून्य. वाचतात ते वर्गाचे तास. एकाच चाचणीतला एकच आकडा, पण तीन घरांत त्याच्या तीन किमती. शिवाय ते ५ दिवस मोजलेले आहेत बहुतांशी न झाकलेल्या पोटांवर, आणि 'जड उचलू नका' हा सल्ला कोणाला किती दिवस दिला यावर ते अवलंबून आहेत, हे विसरू नये.

बुंधा कशाने बांधायचा?

आतापर्यंत आपण 'दुर्बीण' हे एकच तंत्र असल्यासारखे बोललो. तसे नाही, आणि बिलातला मोठा फरक पुष्कळदा येथेच लपलेला असतो. आंत्रपुच्छ कापल्यावर अंधांत्राच्या बाजूला जो बुंधा राहतो तो घट्ट बंद झाला पाहिजे, नाहीतर आतड्यातला मळ पोटात जाईल. तो बंद करण्याचे चार मार्ग. पहिला, साधा दोरा; गाठ बाहेर मारून दांडीने आत सरकवायची. अनुभवी शल्यविशारद हे सहज करतात आणि त्याला दोऱ्याएवढाच खर्च येतो. दुसरा, तयार फास. एका बाजूला सरकणारी आणि उलट न सुटणारी ही गाठ रोडर यांच्या नावाने ओळखली जाते. ती मूळची टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेतली, सेम यांनी ती दुर्बिणीत आणली. तिसरा, टायटॅनियमची किंवा प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकाची चाप. आणि चौथा, स्टेपलर. त्याचे जबडे बुंध्यावर मिटले, की दोन्ही बाजूंना टाचण्यांच्या तीन-तीन ओळी बसतात आणि मधून पाते फिरते. एका दाबात काम पूर्ण. उपकरण सुबक आहे, यात वाद नाही. पण त्याची आणि त्याच्या एकदाच वापरायच्या पट्टीची किंमत फासाच्या कितीतरी पट असते.

परिणामात फरक किती? २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात ८ चाचण्या व ८५० रुग्ण होते. दोऱ्याची वा फासाची गाठ एकीकडे, आणि चाप व स्टेपलर दुसरीकडे. एकूण गुंतागुंतीत फरक नाही. मुक्कामात नाही. यांत्रिक साधनांनी वेळ वाचला, सरासरी ९ मिनिटे.

या ९ मिनिटांवर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या २०१४ च्या हिशेबांवरून शस्त्रक्रियागृहाच्या एका मिनिटाचा खर्च सुमारे ३७ डॉलर काढला गेला आहे. त्यात इमारत, व्यवस्थापन असे वरखर्चही धरलेले आहेत. ९ मिनिटांचे झाले सुमारे ३३३ डॉलर. म्हणजे तेथे स्टेपलर आपली किंमत वेळेतून बऱ्याच अंशी वसूल करतो, असे निदान कागदावर म्हणता येते. 'कागदावर' अशासाठी, की ९ मिनिटांत दुसरी शस्त्रक्रिया बसत नाही. परिचारिकांचा पगार, दिवे, भाडे त्या ९ मिनिटांत थांबत नाहीत. पाच-सहा शस्त्रक्रियांची बचत एकत्र येऊन एक जादा रुग्ण घेता आला तरच ती खरी बचत. आपल्याकडे मिनिटाचा खर्च त्याच्या एका लहान अंशाएवढा असतो. आयात स्टेपलरची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. तेव्हा एकाच चाचणीतून लॉस एंजेलिसमध्ये 'स्टेपलर परवडतो' आणि लातूरमध्ये 'परवडत नाही' असे दोन निष्कर्ष निघू शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. बुंधाच कुजलेला किंवा रुंद सुजलेला असेल तर गोष्ट वेगळी. तेथे गाठ मांसात रुतून कापत जाते आणि स्टेपलर किंवा हाताने घातलेले टाके हाच सुरक्षित मार्ग असतो. आमचा आक्षेप सरसकट वापराला आहे, उपकरणाला नाही.

बेंबीतल्या एकाच छेदातून सर्व साधने घालण्याच्या पद्धतीबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. वेळ जास्त, खास साधने महाग, आणि मिळकत मुख्यतः व्रण न दिसण्याची. ज्याला ती हवी त्याने घ्यावी. तिला वैद्यकीय लाभ म्हणू नये. तिचा एक गरीब भाऊ मात्र उल्लेखनीय आहे. मुलांच्या बाबतीत काही ठिकाणी बेंबीतून दुर्बीण घालून आंत्रपुच्छ पकडतात, त्याच छेदातून ते बाहेर ओढतात, आणि उघड्या शस्त्रक्रियेसारखेच साध्या दोऱ्याने बांधून कापतात. दुर्बिणीचे पाहणे आणि मॅकबर्नीच्या काळातले बांधणे. स्वस्त.

पाहण्यावरून आठवले. दुर्बिणीचा एक फायदा पट्टीखालीही झाकला जात नाही, तो निदानाचा. तरुण स्त्रियांत उजव्या बाजूला खाली दुखण्याची कारणे अनेक : बीजकोशातली गाठ, बीजवाहिनीचा दाह, क्वचित गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा. उघड्या छेदातून पुष्कळदा निरोगी आंत्रपुच्छच काढले जाते आणि खरे कारण आतच राहते. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांमध्ये आधी दुर्बिणीने पाहिल्यास असे निरोगी आंत्रपुच्छ काढले जाण्याचा धोका सुमारे एक पंचमांशावर आला. हा फायदा रेघेवरच्या खुणेचा नाही आणि रिवाजाचाही नाही. घरातल्या मुलीसाठी निर्णय घ्यायचा असेल तर आम्ही याच आकड्याकडे पाहू. पाऊण सेंटिमीटर वेदनेकडे नाही.

राहता राहिली तिसरी बाजू : कापायचेच कशाला? फिनलंडमधील २०१५ सालच्या चाचणीत गुंतागुंत नसलेल्या ५३० रुग्णांपैकी २५७ जणांना केवळ प्रतिजैविके दिली. त्यांतल्या २७ टक्क्यांना वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली. पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ३९.१ टक्के झाले. पुढे याच चाचणीवरून निघालेल्या खर्चाच्या हिशेबात शस्त्रक्रिया १.६ पट महाग ठरली, आणि हा आकडा बराच गाजला. तो कसा बनला ते पाहण्यासारखे आहे. त्या चाचणीतल्या शस्त्रक्रिया जवळजवळ सगळ्या उघड्या होत्या. शस्त्रक्रियेनंतरची आजारपणाची रजा १९ दिवसांची आणि औषधवाल्यांची ७ दिवसांची, १.६ मध्ये या रजेचा वाटा मोठा. रुग्णालयातला मुक्काम दोन्हीकडे ३ दिवस. कारण औषधवाल्यांना पहिले ३ दिवस शिरेतूनच औषध द्यायचे, असे चाचणीच्या आराखड्यातच ठरलेले होते. म्हणजे एकीकडे दिवस रिवाजाने ठरले, दुसरीकडे आराखड्याने. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १,५५२ रुग्णांच्या चाचणीत ९६ टक्के शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाल्या होत्या. तेथे औषधवाल्यांपैकी २९ टक्क्यांना ९० दिवसांतच शस्त्रक्रिया लागली. आंत्रपुच्छात खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के, नसलेल्यांत २५. तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'ऑपरेशनपेक्षा औषध स्वस्त' असे वाचले, तर वर्गात ते कात्रण लावून विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी शोधायला सांगाव्यात : तुलनेतले ऑपरेशन कोणते होते, आणि सीटी स्कॅनमध्ये खडा दिसलेले रुग्ण त्यात घेतले होते का. फिनलंडच्या चाचणीत ते घेतलेले नव्हते.